ईटच्या पेठेतलं जपान

धाराशिवहून ईटला जाणाऱ्या एसटीत मला खिडकी मिळाली. तिची काच मात्र मिळाली नाही. भूम मागे पडेपर्यंत अर्धा रस्ता माझ्या सदऱ्यावर जमा झाला होता. त्याच अवस्थेत मी ईटला जपान पाहायला उतरलो.

जपान बाजारपेठेत आहे. पूर्वी तिथे अप्पांचं पेढ्याचं दुकान होतं. दारात भट्टी, भट्टीवर कढई, कढईभोवती गिऱ्हाईक. मग मुलगा महेश पुण्याहून शिकून परतला, त्याने मोबाइलवर जपानी दुकानं पाहिली आणि भट्टी परसात गेली. आता पांढऱ्या भिंती, खाली चटई, चपला बाहेर. समोर ‘टोकोनोमा’ (आपला कोनाडा), त्यात मंद दिवा आणि काळ्या ताटलीत एक पेढा. बाकीचे पेढे डोळ्यांना खुपू नयेत म्हणून पडद्याआड.

“रिकामी जागाच बोलते,” महेश मला म्हणाला.

“मंग तिलाच इकायला लाव,” अप्पा म्हणाले.

बाजारचा दिवस होता. आजचा माल संध्याकाळपर्यंत खपला नाही तर भट्टी पुन्हा दारात, असं बापलेकांत ठरलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक एक आजी. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, कोनाड्यापुढे हात जोडले. पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला, ताटलीत नाणं ठेवलं.

“आजी, हे दुकान हाय!” महेश ओरडला.

“व्हय? आन् मंग एवढं खाली (रिकामं) कशापायी? परसाद लई गोड हाय बरं. देव कधी बसवणार?”

महेशने दुसरा पेढा ठेवला. आजींनी बाहेर बातमी दिली असावी; दर्शनाला रांग लागली, विकत मात्र कोणी मागेना. इतकी जपानी शिस्त ईटने पूर्वी पाहिली नसावी.

दुपार उलटली तरी पडद्याआडची परात भरलेलीच होती. अप्पा परसात गेले.

“महेश, कढईची एक कडी धर.”

महेशने धरली.

भट्टी दारात पेटली आणि अप्पा खवा परतू लागले. वास स्टँडपर्यंत गेला असणार, कारण उभी एसटी रिकामी होऊन दुकानापुढे आली. अंधार पडेपर्यंत परात रिकामी झाली. रिकाम्या जागेचं सौंदर्य मला तेव्हा पटलं.

“कोनाडा तरी ठिवा,” महेश म्हणाला.

“ऱ्हाऊ दे की. महादेव बसवू.”

परतीच्या गाडीत पेढ्यांचा पुडा मी धुळीपासून जपला. घरी बायकोने तो उघडला, एक पेढा रिकाम्या ताटलीत घालून देवापुढे ठेवला आणि दिवा लावला. मी काढलेले दुकानाचे फोटो दाखवायची गरज उरली नाही.