आधी गावाचे नाव

रघुनाथराव साळेकर, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नाना, यांची आणि माझी पहिली भेट एका इंग्रजी पत्रामुळे झाली. माझे शिक्षण पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये झाले. लग्न होऊन भोरला आले आणि इथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. नाना तेव्हा खासदार नव्हते. वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांची कामे घेऊन ते कचेऱ्यांमध्ये खेटे घालत. एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. हातात वन खात्याचे पत्र होते.

"बाई, तुमचं इंग्रजी चांगलं हाय म्हणत्यात. एवढं वाचून दावा."

सिस्टरांनी घोटून घेतलेल्या उच्चारांनी, स्वल्पविरामांवर थांबत मी पत्र वाचले. नाना डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "वाचलंत झ्याक. आता मराठीत सांगा, व्हय म्हणलेत का न्हाई?"

मला सांगता येईना. पत्र पुन्हा वाचले. त्यात होकार नव्हता आणि नकारही नव्हता. मी तसे सांगितले.

"मंजी न्हाईच," असे म्हणून नानांनी चहाचा कप उचलला.

ते पत्र पाथरमाळच्या रस्त्याचे होते. वेल्ह्याच्या डोंगरात, पायथ्याच्या गावापासून दीड-दोन तासांच्या चढावर धनगरांची ही वस्ती आहे. वीसेक घरे, शेळ्या-मेंढ्या, थोडी गुरे. मधली सगळी जमीन वनाची. त्यातून रस्ता न्यायचा तर दिल्लीची परवानगी लागते. वस्तीवर कोणी आजारी पडले की लाकडाला घोंगडी बांधायची, तिच्यात माणसाला निजवायचे आणि खांद्यावरून खाली आणायचे. तिथल्या ठकूबाईंच्या यजमानांना असेच आणताना ओढ्यापाशी त्यांचा श्वास थांबला. नानांनी त्या दिवशी लाकडाच्या पुढच्या टोकाला खांदा दिला होता. हे मला पुष्कळ वर्षांनी आणि दुसऱ्यांकडून कळले.

नाना खासदार झाले तेव्हा त्यांचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. आधी शाळा सांभाळून आणि निवृत्तीनंतर पूर्ण वेळ, मी त्यांच्या भोरच्या कार्यालयात बसू लागले. माझ्या पहिल्या मसुद्याची त्यांनी केलेली गत अजून आठवते. त्यात मी 'ऑल वेदर कनेक्टिव्हिटी' असे शब्द मोठ्या हौसेने लिहिले होते. नानांनी अर्थ विचारला. मी म्हटले, "बारमाही रस्ता."

"मग तसं लिवा की. मंत्र्यालाबी कळू दे."

संसदेत त्यांनी मोठमोठ्या विषयांवर भाषणे केली असे मी म्हणणार नाही. कायदा देशाचा असो की अर्थसंकल्प, नाना त्यातून वाट काढत भोर-वेल्ह्यात येत. रोजगार हमीच्या ऑनलाइन हजेरीची चर्चा चालली असता त्यांनी पानशेतच्या पलीकडच्या वाड्यांत मोबाईलला रेंज कुठल्या झाडाखाली येते ते सांगितले. पर्यटनावरच्या चर्चेत पायथ्याच्या पालीच्या बायका राजगडाला येणाऱ्यांना पाणी पाजतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याच घरी टँकर लागतो, हे सांगितले. त्यांच्याच पक्षातले एक जण त्यांना 'दिल्लीतले सरपंच' म्हणत. नानांना ते कळले तेव्हा ते म्हणाले, "सरपंचाला निदान गाव तरी असतंय."

आता त्या एका दिवसाबद्दल लिहिते, कारण त्यातली चूक माझी होती.

वनविषयक विधेयकावर लोकसभेत चर्चा होती. नानांचे नाव यादीत नव्हते. पक्षाचे एक सदस्य ऐनवेळी आले नाहीत आणि त्यांची चार मिनिटे नानांना मिळाली. मराठीत बोलायचे तर दुभाष्यासाठी आधी कळवावे लागते, तेवढा वेळ उरला नव्हता. मंत्र्यांना द्यायच्या निवेदनाचा मी केलेला हिंदी मसुदा खिशात होता, तोच घेऊन नाना उभे राहिले. इकडे भोरच्या कार्यालयात आम्ही टीव्हीसमोर होतो. मी, कार्यालयातले नामदेवराव आणि दाखल्याच्या कामासाठी पाथरमाळहून उतरलेले ठकूबाईंचे चिरंजीव भागूजी.

नानांनी वाचायला सुरुवात केली. "अध्यक्ष महोदय, मेरे क्षेत्र में आज भी औरतें डोली में बैठ के दवाखाना जाती हैं।"

समोरच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "बारात भी साथ जाती है क्या?" सभागृहात हशा उसळला.

भागूजींनी मला विचारले, "का हसत्यात ओ बाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाथरमाळला त्या घोंगडीला डोली म्हणतात, म्हणून मी तो शब्द जसाच्या तसा हिंदीत उतरवला होता. हिंदीत डोली म्हणजे नवरीची पालखी, हे शाळेत हिंदी शिकलेल्या मला ठाऊक नव्हते असे नाही. लिहिताना मनात आले नाही, एवढेच. भागूजींना कसेबसे ते सांगितले. नामदेवराव म्हणाले, "बाई, आता नाना भडकणार बघा."

नाना भडकले नाहीत. त्यांनी कागद बाकावर ठेवला आणि त्यांच्या त्या खास हिंदीत ते बोलू लागले. "हां, बारात जाती है। चार लोग। लकड़ी को घोंगडी बांधते हैं, उस में बीमार को डालते हैं। उतार पे पाँव फिसलता है। ओढ़े के पास नीचे रखते हैं और नाक को हाथ लगा के देखते हैं, साँस है कि गया। इस को हमारे उधर डोली बोलते हैं।"

ज्यांनी टोमणा मारला होता ते मान खाली घालून कागद चाळू लागले. भागूजी टीव्हीकडे बघत हळूच म्हणाले, "बाचंच सांगत्यात." मग घंटा वाजली आणि नाना बसले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी आधीच माफी मागितली. ते म्हणाले, "शब्द बरोबर हुता बाई. त्यास्नी ठावं नव्हता, त्याला तुमी काय करणार? चूक माजी झाली. गावाचं नाव सांगायचंच ऱ्हायलं."

मला ती चूक तेव्हा किरकोळ वाटली. ती किती मोठी होती ते पुढे कळले. कामकाजाच्या नोंदीत 'माझ्या क्षेत्रात' एवढेच छापून आले. आम्ही ती नोंद जोडून दिल्लीला पत्र पाठवले. कित्येक महिन्यांनी उत्तर आले ते एवढेच, की पत्रातली वस्ती नोंदीत दिसत नाही, तरी नोंदीतली वस्ती कोणती ते कळवावे. दरम्यान एक अख्खा पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात भागूजींच्या पत्नी, सौ. सखूबाई, यांना बाळंतपणासाठी डोलीतूनच खाली आणावे लागले. ओढ्याला पाणी होते. माणसे कमरेइतक्या पाण्यातून गेली. बाळ-बाळंतीण वाचली. पण बातमी येईपर्यंत नाना कार्यालयातल्या बाकावरून उठले नाहीत.

पुढच्या अधिवेशनापासून, विषय कोणताही असो, त्यांच्या भाषणाचे पहिले वाक्य ठरले. "अध्यक्ष महोदय, पाथरमाळ, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे." मसुद्याच्या वरच्या ओळीत हे नसेल तर ते कागद मला परत देत. भाषण धान्याच्या भावावर असले तरी. मी एकदा वाद घातला, "नाना, धान्याच्या भावाशी पाथरमाळचा काय संबंध?"

"तितली माणसं जेवत न्हाईत व्हय?"

हळूहळू असे झाले की नाना उभे राहिले रे राहिले, की मागच्या बाकांवरून चेष्टेने आवाज यायचा, "पाथरमाळ!" नाना हसून त्या दिशेला नमस्कार करत. मला ते आवडत नसे. नाना म्हणायचे, "बोलू द्या. नाव तर पाठ झालं." आणि खरोखर, एकदा लॉबीत संबंधित मंत्र्यांनीच त्यांना थांबवून विचारले, "आपका पाथरमाळ कैसा है?" नानांनी खिशातून अर्ज काढला. तो खिशात कायमच असे. त्यानंतर वर्षभरात पायथ्यापासून ओढ्यापर्यंतच्या रस्त्याला परवानगी मिळाली. पुढे तो रस्ता झाला, ओढ्यावर लहानसा पूलही झाला.

नानांमध्ये दोष नाहीत असे लिहिले तर तेच हा लेख मला परत देतील. ते वेळ पाळत नाहीत. दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून घेत नाहीत. त्यांचे अक्षर त्यांना स्वतःलाही दुसऱ्या दिवशी लागत नाही. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी तीनदा पुढे ढकलली आहे आणि दर वेळी कारण वेगळे सांगितले आहे.

पण माझे यजमान गेले तेव्हाचे त्यांचे वागणे मी विसरणार नाही. घर माणसांनी भरलेले असे आणि प्रत्येक जण मला काहीतरी समजावत असे. नाना आले, थोडा वेळ कोपऱ्यात बसले आणि गेले. दोन आठवड्यांनी नामदेवरावांच्या हाती पत्रांचा एक गठ्ठा आला. वर नानांच्या त्या अक्षरात चिठ्ठी होती. ती लावायला मला बराच वेळ लागला. लिहिले होते, 'यातले तातडीचे काही नाही. करमले नाही तर बघावे.' त्या दुपारी मी इतक्या दिवसांत प्रथमच टेबलापाशी बसले. अकरा पत्रांना उत्तरे लिहिली. मला काय हवे आहे ते मला कळण्याआधी त्यांना कळले होते.

ओढ्याच्या वरचा रस्ता मात्र अजून झालेला नाही. नाना आज पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत आणि तो अर्ज अजून त्यांच्या खिशात आहे. या गौरवग्रंथासाठी चार शब्द मिळवावेत म्हणून मागच्या महिन्यात मी पाथरमाळला गेले. जीप ओढ्यापर्यंत गेली, पुढे चालत. ठकूबाई ओट्यावर बसल्या होत्या. नानांच्या अमृतमहोत्सवाबद्दल त्यांना सांगितले.

"किती वर्साचं झालं?" त्यांनी विचारले.

"पंच्याहत्तर."

"मंजी माज्यापरीस धाकलंच हायती," ठकूबाई म्हणाल्या. "मग ऱ्हायलेला रस्ता व्हईस्तवर त्यास्नी थकायचं न्हाई म्हणावं. आमीबी थांबलोय."

हा निरोप मी इथे जसाच्या तसा पोचवते आहे. माझ्याकडून एवढेच मागणे की नानांनी गुडघ्यांची शस्त्रक्रिया आता तरी करून घ्यावी, त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळावे, आणि ठकूबाईंच्या ओट्यापर्यंत त्यांना एकदा गाडीतून जाता यावे.