उभा ट्रॅक्टर दिसला पाहिजे

पाथर्डीकडच्या छबूबाईनं वीस वर्षं ऊस तोडला, पण तिला एक अख्खं माणूस म्हणून कुणी मोजलं असेल तर शपथ! ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे ती आणि तिचा नवरा श्रीमंत, दोघं मिळून एक. "मंग मी अर्धीच व्हय?" असं ती मुकादमाला तोंडावर विचारायची. बाई पहिल्यापासून फटकळ.

आता फडात हार्वेस्टर आले. छबूबाई म्हणाली, ते मीच चालवणार, आणि शेजारून ऊस झेलणारा ट्रॅक्टर ह्यांनी चालवायचा. घोडेगावच्या प्रशिक्षण केंद्रात हार्वेस्टरची नुसती खुर्ची होती. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की समोर अख्खा फड! ट्रॅक्टरची खुर्ची मात्र पार मिरजगावच्या केंद्रात. दोन्ही नेटवर्कनं जोडलेल्या, त्यामुळं श्रीमंत तिकडं बसून हिच्या फडात ट्रॅक्टर हाकायचा.

परीक्षेच्या दिवशी सरीच्या टोकाला ट्रॅक्टर चष्म्यातून गडप झाला. "अगं बया! आवो, कुठं गेला?" म्हणत छबूबाईनं हार्वेस्टर बांधावर घातला. नापास! आता दिवाळीनंतर पुन्हा कोयता, या विचारानं तिला रडूच फुटलं.

केंद्रातल्या दया मॅडमनी मिरजगावला फोन लावला. श्रीमंत म्हणाला, "मी कुठं जातोय? टोकाला हिची वाट बघत उभा हुतो की." फडात पुढं गेला की बायको येईस्तोवर थांबायचं, ही त्याची जुनी खोड.

दयानं कपाळावर हात मारला. "छबूमावशी, चूक माझी. नियम असा, की प्रत्येक यंत्रानं आपण कुठं आहोत ते दुसऱ्याला कळवत राहायचं. उभं असलं तरी! निरोप आला नाही, तर ते निघून गेलं असं धरून चित्र पुसलं जातं. मिरजगावचं नेट फार हळू, म्हणून उभ्या ट्रॅक्टरचे निरोप मी कमी केले. जे हलतच नाही त्याचं काय कळवायचं, असं वाटलं मला."

"अगं पोरी, वीस वर्सं त्यो असाच उभा ऱ्हातोय माझ्यासाठी!"

दयानं परीक्षा घेणाऱ्या साहेबांपुढं चूक कबूल केली, निरोप नियमाप्रमाणं सुरू केले आणि छबूबाईला आणखी एक परीक्षा मिळवून दिली. शेवटचीच.

टोक जवळ आलं. श्रीमंत खोडीप्रमाणं थांबला. ट्रॅक्टर तिथंच होता! तिनं हार्वेस्टर वळवला, ट्रॅक्टरच्या शेजारी आणला, आणि ऊस धडाधड ट्रॉलीत पडू लागला. साहेब म्हणाले, "पास."

तिनं लगेच फोन लावला. "आवो, मी पास!"

"मी बी."

"म्हंजी आता आपुन दोन झालो."

"झालो की."

मग छबूबाई हळूच म्हणाली, "पन टोकाला थांबत जा बरं का."