वेढा आणि माझा डावा पाय

रत्नागिरीत तेव्हा आमच्या आळीत टीव्ही एकच, शेजारच्या चाचींचा. त्यांच्या मुलाने कुवेतहून आणलेला. दर रविवारी सकाळी त्यावर एका प्राचीन नगराच्या वेढ्याची हिंदी मालिका लागायची आणि अख्खी आळी चाचींच्या पडवीत. समोरच्या मावशींना हिंदी कळत नसे, म्हणून त्यांच्या कानाशी बसून मराठीत सांगायचं काम मी आपणहून घेतलं होतं. माझं हिंदीही बेताचंच. सेनापती चार वाक्यं बोलला की मी एकात उरकायचो. मावशी म्हणायच्या, "एवढे हातवारे करून एवढंच बोलला?"

मावशींचा जीव त्या नगरातल्या एका म्हातारीत अडकला होता. तीन नातवंडांना घेऊन ती तळघरात लपलेली. शेवटच्या भागाच्या दुसऱ्याच दिवशी मावशी डोळ्यांच्या ऑपरेशनला मुंबईला निघणार होत्या. "पुढे दिसेल न दिसेल," त्या म्हणाल्या, "ती पोरं सुटलेली तेवढी बघून जाते."

आणि नेमका नगराचा दरवाजा करकरायला लागला, तेव्हाच पडद्यावर मुंग्या आल्या.

"अँटेना फिरली," म्हणत मी लुंगी खोचून छपरावर चढलो.

"वाशावरनं चाला हो!" चाची खालून ओरडल्या. कौलांवर पाय द्यायचा तो खाली वासा असेल तिथेच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"दरसाल कौलं परततो मी, चाची. मला नका शिकवू!"

अँटेना फिरवली. "दिसतंय, दिसतंय!" असा खालून गलका झाला. त्या कौतुकाने मी असा काही फुगलो की ऐटीत एक पाऊल मागे टाकलं. वासा सोडून.

डावा पाय मांडीपर्यंत आत. आधाराला धरली ती अँटेनाच. तीही माझ्यासकट आडवी. खाली कौलाचे तुकडे पडले, किंकाळ्या झाल्या आणि मग मावशींचा आवाज, "मेल्या, तुझा पाय कसला बघू? पोरांचं काय झालं?"

मला उतरवेपर्यंत मालिका संपली होती.

संध्याकाळी गुडघ्याला हळद थापून मी मावशींकडे गेलो. वरच्या आळीत विचारून आलोय, असं ठोकून दिलं. पोरं सुटली. तळघरातून भुयार होतं, ते नदीवर निघालं, तिथे होडी तयार.

"होडी कोणाची?"

"एका कोळ्याची."

"बरं झालं हो," म्हणून त्या पिशवी भरायला लागल्या.

महिन्याने परतल्या त्या जाड भिंगांचा चष्मा लावून. मला बघताच म्हणाल्या, "सुनेने बघितला होता तो भाग. कोणी वाचलं नाही. भुयार नाही नि होडी नाही."

मी मान खाली घातली.

"पण ते तिने पट्टी सुटल्यावर सांगितलं. पट्टी होती तोवर मी रोज त्या होडीत बसून होते."

मग त्यांनी मान वर करून चाचींच्या काळवंडलेल्या छपराकडे बराच वेळ बघितलं.

"मधलं ते एकच कौल लालभडक दिसतंय. तुझंच ना रे?"