आंदणाचा हंडा

चिंचेने तांब्याचा हंडा घासताना आजही हिरवं पाणी ओघळतं, आणि मला मोलगीच्या डोंगरातला तो खड्डा आठवतो. इंग्रजी अमलातली गोष्ट. गारगोटीच्या पांढऱ्या शिरेवर असाच हिरवा डाग पाहून, खाली तांबं असणार म्हणून ह्यांनी तापीकाठचं शेत विकलं होतं. शिरेवर जाळ करायचा, दगड तापला की मी ह्याच हंड्यातलं पाणी ओतायचं, म्हणजे तो फुटे. त्या दुपारी वाफ विरली, तर आत नुसतं पांढरंशुभ्र. हिरवं वरच संपलं होतं.

"तांबं खाले शे," हे म्हणाले. "आखो पानी लई ये."

तेव्हा मी हंडा उचलून विश्वासाने आणखी पाणी आणायला निघाले. आज तो आवाज आठवला की वाटतं, त्यांना तेव्हाच कळून चुकलं होतं.

त्या डोंगरात तांबं होतं ते एवढंच, माझ्या डोक्यावरचं.