बाबली घाड्याचं एक वाक्य

आमच्या दशावताराला पडदा नसतो, पण आज एक मागवून घेतो. हं, उचला! मागे मिठबावचा समुद्र, त्यावर सकाळचं ऊन. डाव्या अंगाला माड, उजव्या अंगाला वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. मधोमध तीन पायांचा काळा कॅमेरा आणि त्याच्याभोवती अख्खा गाव. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. होडीला टेकून उभा आहे तो बाबली घाडी, आजच्या खेळाचा नायक.

बाबली आमच्या कंपनीतला राक्षस. मी स्त्री-पार्टी करायचो. म्हणजे वर्षाकाठी साठेक वेळा तरी त्यानं मला पळवून नेलं असेल. एरवी तो आंब्याच्या बागेत राबायचा. मनात ध्यास एकच, सिनेमात काम करायचं. मुंबईत ओळख नाही, फोटो काढून घ्यायची ऐपत नाही. तरी त्यानं स्टुडिओंना पोस्टकार्डं पाठवली. फोटोच्या जागी वर्णन लिहिलं: 'उंची भरपूर, डोळे मोठे, आवाज देवगडापर्यंत जातो.' एकाचंही उत्तर आलं नाही. त्याची बायको सत्यवती म्हणायची, "देवगडापर्यंत जाता, मुंबैक खंय पोचता!"

आणि एक दिवस सिनेमाच गावात आला. लहानशी कंपनी, मुक्काम शाळेत. होडीवाल्याचं काम करणारा नट वाटेत तापानं आडवा झाला होता. दिग्दर्शकानं विचारलं, "गावात कुणी बोलणारा आहे का?" गावानं बाबलीला ढकलूनच पुढं केलं. वाक्य एकच. सिनेमातला नायक खाडी ओलांडायला होडी मागतो आणि हा सांगतो, "दर्याला उधाण आलंय. आज होडी सुटणार नाही."

पहिल्यांदा बाबली अगदी नीट बोलला. पण वाऱ्यानं नायकाची टोपी उडाली. दिग्दर्शक म्हणाला, "पुन्हा घेऊ."

इथं घोटाळा झाला. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. कथा ठाऊक असते, बोलणं ज्याचं त्यानं तिथल्या तिथं रचायचं. काल कट्टा गावात बोललेलं आज मिठबावला बोललात, तर लोक म्हणणार, शिळा भात वाढला. त्यामुळे 'पुन्हा' म्हणजे 'याहून सरस', असं बाबलीनं धरलं. छाती फुगवून त्यानं सुरुवात केली, "हे पांथस्था! सागर आज प्रलयकाळच्या रुद्रासारखा गर्जतो आहे! माघारी जा, तुझी माता वाट पाहत असेल!"

"थांबा! लिहिलंय तेवढंच बोला!"

तिसऱ्यांदा वाक्य आखूड झालं, पण त्यात वरुणराजा आलाच. चौथ्यांदा त्यानं नायकाला कुळ आणि गोत्र विचारलं. गाव टाळ्या पिटत होता, दिग्दर्शक कपाळ.

मग कॅमेरावाला म्हणाला, "साहेब, डब्यात एका वेळेपुरतीच फिल्म उरलीय." नवी फिल्म मुंबईहून यायला चार दिवस. दिग्दर्शकानं घाम पुसला आणि गर्दीतल्या शाळामास्तरांकडे वळून विचारलं, "गुरुजी, तुम्ही बोलाल का?"

बाबली माझ्याजवळ आला. राक्षस मरताना पाहिला होता मी शंभरदा, पण असा चेहरा नव्हता पाहिला. "माका जमणा नाय रे," तो म्हणाला. "त्वांड उघडला की नवीनच येता. इतकी वर्सां वाट बगलंय, आणि दारात येवन अडाकलंय."

सत्यवती पदर खोचून पुढं आली. नारळी पौर्णिमेला गावाच्या वतीनं दर्याला साकडं घालायचा, म्हणजे गाऱ्हाण्याचा, मान घाडी घराण्याचा. "अवो, नारळी पुनवेक दर्याक गाऱ्हाणा घालतास, तेतूर येक अक्षर तरी बदलतास काय?"

"खुळी काय गो तू? घराण्याचा गाऱ्हाणा तां! बापाशीन घातला तसाच घालूचा. बदलला तर दर्या ऐकात?"

"मग ह्यां पण गाऱ्हाणाच समजा. आणि घाला!"

बाबली तडक मागं फिरला. मग दिग्दर्शकापुढं हात जोडून म्हणाला, "साहेब, एकदा. एकदाच द्या." दिग्दर्शकानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी चार पावलं मागं सरले होते. "त्यालाच घ्या," ते म्हणाले, "मला फक्त वर्गात बोलता येतं."

कॅमेरा फिरू लागला. नायकानं होडी मागितली. बाबलीनं दर्याकडे पाहिलं, श्वास घेतला, आणि घाडी घराण्याच्या त्या संथ, भारदस्त सुरात म्हणाला, "दर्याला उधाण आलंय. आज होडी सुटणार नाही."

एक अक्षर इकडचं तिकडं नाही! पण तो सूर कानावर पडला मात्र, आणि गाऱ्हाण्याला होकार द्यायच्या वर्षानुवर्षांच्या सवयीनं सारा गाव एका आवाजात गरजला, "व्हय म्हाराजा!"

मीसुद्धा. ओरडून झाल्यावर जीभ चावली. कॅमेरा थांबला, फिल्म संपली. दिग्दर्शक वाळूत बसला, तोंड दोन्ही हातांत. खांदे हलत होते. आम्हाला वाटलं, रडतोय बिचारा. त्यानं मान वर केली तेव्हा हसून हसून त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "राहू दे, तसंच राहू दे!" तो म्हणाला. "असा होडीवाला मला दहा स्टुडिओ धुंडाळून मिळाला नसता. आणि असा गाव तर नाहीच नाही." चार दिवसांनी नवी फिल्म आल्यावर त्यानं आम्हा सगळ्यांना किनाऱ्यावर उभं केलं आणि तोच होकार पुन्हा द्यायला लावून आमचे चेहरे टिपून घेतले. पुढं त्यानं बाबलीला बोटीनं मुंबईला बोलावून आणखी पाच सिनेमांत घेतलं. दशावताराचा हंगाम मात्र बाबलीनं कधी चुकवला नाही.

सिनेमा कणकवलीला तंबूत आला तो दोन वर्षांनी. संध्याकाळच्या खेळाला गाव एस.टी.तून लोटला. बाबली नवा सदरा घालून पुढच्या बाकावर, शेजारी सत्यवती. पडद्यावर शिडाएवढा बाबली उभा राहिला, ते वाक्य बोलला. लगेच मागोमाग आमची सगळी फौज झळकली, आणि तंबूत एकच गिल्ला. "तो बग मी!" "गुरुजीनू, तुमची टोपी बगा!" "अगो, सत्यवती केदी मोठी दिसता गो!" बाबलीकडे कुण्णाचं लक्ष नव्हतं. तो बाकावर उभा राहिला, कमरेवर हात ठेवले, तंबूभर नजर फिरवली आणि देवगडापर्यंत जाणाऱ्या त्या आवाजात, हसत हसत ओरडला,

"मेल्यांनो, माका येकट्याक काय सिनेमात जाऊक दिलास नाय!"