कडक इस्त्रीची पट्टी

ओल्या सुती कापडावर गरम इस्त्री फिरली की जो वास येतो, त्याने मी अजूनही बाबांच्या दुकानात जाऊन पोचते. तीस वर्षं ते त्या एका टेबलामागे उभे राहिले, आणि त्याचा राग डाव्या पायाने काढला. फुगलेल्या शिरांखाली, घोट्याच्या आतल्या बाजूला जखम झाली. दोन वर्षं ती भरायचं नाव घेईना.

जखम झिरपायची, तिला वास यायचा. टापटिपीचे बाबा आमच्यात जेवायला बसेनासे झाले. ताट घेऊन दुकानात जायचे. आई त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसू द्यायची नाही.

दवाखान्यातल्या सिस्टर तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. पावलातली नाडी तपासून त्यांनी दोन ताणाच्या पट्ट्या दिल्या. "पायात साचलेलं रक्त वर ढकलायचं काम हिचं. बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळा. एक बांधायची, एक धुवायची. बसाल तेव्हा पाय उशीवर."

बाबांनी सगळं इमानेइतबारे केलं. चार महिने झाले, जखम तसूभर कमी झाली नाही. "तुम्ही घरी पट्टी बांधतच नाही," सिस्टर म्हणायच्या. बाबांना खोटं ठरवलेलं मला फार झोंबायचं, म्हणून एकदा मीच बरोबर गेले.

बाबांनी पिशवीतून धुतलेली पट्टी काढली. चौकोनी घडी, एकदम कडक. सिस्टरांनी ती ओढून पाहिली. ती ताणलीच नाही.

"काका, हिला इस्त्री करता?"

"रोज," बाबा म्हणाले. "चुरगळलेलं कापड अंगावर कसं घालायचं?"

सिस्टर हसत खुर्चीतच बसल्या. पट्टीतलं रबर कधीच भाजून गेलं होतं. पायावर होतं ते नुसतं फडकं. मीही हसले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. बाबा मान खाली घालून बसले होते.

नव्या पट्ट्या आईने ताब्यात घेतल्या. सावलीत वाळवून, तशाच चुरगळलेल्या त्यांच्या हाती द्यायची. बाबा तोंड वाकडं करून बांधायचे. पाच महिन्यांनी जखमेवर पातळ गुलाबी कातडी धरली.

त्या दुपारी बाबा ताट घेऊन आमच्यात येऊन बसले. घास हातातच धरून त्यांनी आईला विचारलं, "वास येतोय का गं?"

"येतोय," आई म्हणाली. "भाजी करपल्याचा. तुम्ही येताय का ते बघत दारात उभी होते."