आठवा आरसा

तरुलताबेनचा विश्वास फक्त इंच टेपवर होता, आणि तोही एका टेपवर नाही. दर दिवाळीला त्या नवी टेप आणत आणि जुनीच्या शेजारी लावून बघत. टेप वापरून वापरून ताणली जाते आणि कुणाला सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. दूधवाला, वीजमीटर, स्वतःचा जावई, सगळ्यांकडे त्या याच नजरेनं बघायच्या. बडोद्यात मांडवीजवळच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं, आणि गल्लीतले लोक त्यांना मागून 'फौजदार' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं हेही ठाऊक होतं.

नवरात्राच्या महिनाभर आधीपासून विद्यापीठाच्या हॉस्टेलवरच्या मुली चणिया-चोळी शिवायला त्यांच्याकडे लोटायच्या. पूर्वी मुली आईची जुनी साडी घेऊन यायच्या, आता मोबाइल पुढे करत. गरब्याची रील मागून काढतात, म्हणून चोळीची सगळी शोभा पाठीवर गेली आणि पुढची बाजू बिचारी अस्तरासारखी झाली. घेरात मोबाइलचा खिसा हवा. इंजिनीअरिंगच्या एका मुलीनं तर चणियाच्या काठात बारीक दिवे शिवून घेतले होते, बॅटरीला कमरेशी पिशवी लावून. "घाम येऊन शॉक बसला, तर माझं नाव घ्यायचं नाही," असं तरुबेननी तिला बजावून ठेवलं. दुसरी एक छानसा राणी रंग परत द्यायला आली. म्हणे कॅमेऱ्यात नीट येत नाही.

"मग कॅमेऱ्यालाच बोलाव," तरुबेन म्हणाल्या, "त्याचंच माप घेते!"

या सगळ्या संशयी जगात तरुबेन ज्या एका माणसाकडे निर्धास्त पाठ करून बसू शकत, ती जीवी. कच्छची बाई, लग्न होऊन बडोद्याला आलेली. चोळीवर आरसे बसवायचं काम तिचं. सोळा वर्षं दोघी समोरासमोर बसत आणि दुपारी जीवीच्या डब्यातला बाजरीचा रोटला नि लसणाची चटणी वाटून खात. जीवी प्रत्येक चोळीच्या पाठीवर, नाडीच्या खाली, आठ आरशांचं एक फूल भरायची आणि त्यातला एक आरसा मुद्दाम बसवायची नाही. ती जागा नुसत्या दोऱ्यानं भरायची.

"पोरी हजार माणसांत नाचणार," ती म्हणायची. "सगळं पूर्ण दिसलं की नजर लागते. एक घर मोकळं ठेवायचं, नजर तिथून निघून जाते."

तरुबेनचा नजरेवर विश्वास नव्हता. पण ते फूल नसलेली चोळी त्यांच्या दुकानातून कधी बाहेर गेली नाही.

त्या वर्षी एका शनिवारी हेत्वीचा फोटो आला. हेत्वी सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी, तीन वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. खाली लिहिलं होतं, 'आंटी, अशी हवी. शुक्रवारी कापड घेऊन येते.' फोटोत हेत्वीच पाठमोरी उभी होती, मान वळवून हसत. अंगात हिरवी चोळी, पाठीचा गळा चांगला मोठा. काम इतकं सफाईदार की खांद्याला शिवण म्हणून दिसेना. शोरूमवाल्यांची नवी मशीन असणार, तरुबेननी नाक मुरडलं. मग सवयीनं त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

नाडीखाली फूल होतं. सात आरसे, आणि आठवी जागा दोऱ्यानं भरलेली.

अशी हिरवी चोळी तरुबेननी जन्मात शिवली नव्हती. मग जीवीचं फूल तिथं कसं? हेत्वीला विचारायला एक फोन पुरला असता. पण पोरीनं दुसरीकडे शिवून घेतलं आणि आता स्वस्तात तसंच मागायला आली, हे गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायचं? तो कमीपणा त्यांना सोसवला नसता. त्यांनी मोबाइल उपडा ठेवला आणि समोर मान खाली घालून बसलेल्या जीवीकडे पाहिलं.

मग काय, चार दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा. जीवी आजकाल संध्याकाळी पाचलाच काम सोडून उठते. तिच्या पिशवीत काहीतरी घडी केलेलं असतं. फोन आला की बाहेर ओट्यावर जाऊन बोलते. परवा एका आरशाचे टाके दोनदा उसवले, लक्ष कुठं होतं? अलकापुरीत नवीन शोरूम उघडलंय, तिथं हातकाम करणाऱ्या बाया हव्यात असं कुणीतरी म्हणालं होतं. तुकडे एकमेकांना इतके झकास जुळले की तरुबेनना स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

गुरुवारी जीवी पाचला उठली, तेव्हा त्या म्हणाल्या, "शोरूमचं काम कधीपासून करतेस?"

जीवीनं दातातला दोरा सोडला. "कुठलं शोरूम?"

तरुबेननी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "हे फूल कुणाचं?"

जीवीनं मोबाइल लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं. "माझंच दिसतंय."

"बघ! आलं तोंडातून."

"फूल माझं आहे म्हटलं, टाका माझा आहे असं कुठं म्हटलं? उलट बाजू बघितलीत का? मागची गाठ बघितली की मी लगेच सांगेन."

"फोटोची उलट बाजू बघू? मला शिकवतेस?"

"मग चोळी मागवा. उलटी करून बघा आणि मग मला विचारा."

"आणि रोज पाचला कुठं पळतेस ते?"

जीवीनं मोबाइल परत दिला. "डोळ्यांच्या दवाखान्यात. संध्याकाळचं मला सुईचं नाक दिसत नाही. नवरात्र झाल्यावर सांगणार होते."

इथं तरुबेननी थांबायला हवं होतं. पण चार दिवस मेहनत करून बांधलेला संशय एका वाक्यात सोडवेना. "वा! नवरात्राच्या तोंडावर बरे डोळे बिघडले," त्या म्हणाल्या.

जीवीनं सुई गादीत खोचली. बोटातलं अंगुस्तान काढून पिशवीत टाकलं. "सोळा वर्षं एका डब्यात जेवलो, तरुबेन," ती म्हणाली. "आणि तुमचा विश्वास बसला तो मोबाइलमधल्या पाठीवर." ती गेली. डबा तसाच राहिला.

शुक्रवारी हेत्वी कापड घेऊन नाचतच आली. तरुबेन टेपला हात लावेनात.

"आधी ती चोळी दाखव."

"कुठली?"

"फोटोतली. मला उलट बाजू बघायचीय."

हेत्वी खळखळून हसली. "आंटी, ती चोळी नाहीच आहे! मी मोबाइलमध्ये माझा फोटो टाकला, हॉस्टेलवरच्या भूमीदीदीच्या जुन्या चोळीचा टाकला आणि म्हटलं हिरवी कर, पाठीचा गळा मोठा कर. त्यानं बनवून दिलं. आता आमच्या हॉस्टेलवर सगळ्या आधी असंच घालून बघतात, मग कापड घेतात. दीदीची ती लाल चोळी तुम्हीच तर शिवलेली, चार वर्षांपूर्वी!"

तरुबेननी मोबाइल घेतला. खांद्याला शिवण नव्हती, मुंढ्याला शिवण नव्हती. शिवणीशिवाय बाही अंगाला लागत नाही हे शिवणाच्या क्लासातली पोरगीही सांगेल. त्यांनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पाहिलं आणि जीवीच्या माथी मारलं. त्यांना इतकी लाज वाटली की हेत्वीकडे न बघताच त्यांनी टेप उचलली.

त्याच दुपारी जीवीचा डबा घासून, त्यात शिरा भरून त्या पाणीगेटपलीकडच्या तिच्या खोलीवर गेल्या. जीवी दारात उजेडाला बसली होती. शेजारची मुलगी तिला सुयांत दोरे ओवून देत होती, दहा-बारा सुया एका ओळीत.

"चुकलं माझं," तरुबेन म्हणाल्या. हे शब्द त्यांनी जावयालाही कधी ऐकवले नव्हते. "त्या मोबाइलनं फसवलं गं."

"मोबाइल काही बोलला नव्हता," जीवी म्हणाली. "बोललात तुम्ही."

तरुबेननी डब्याची पिशवी पुढे केली. ती घेत जीवीनं विचारलं, "पोरीच्या चोळीचं काय केलंत?"

"कोण करणार?"

"पाठवून द्या. तिचा काय दोष? पण घरीच करीन. दुकानात नाही येणार आता."

"डोळे बरे झाल्यावर?"

जीवीनं डबा आत ठेवला आणि रिकामी पिशवी घडी करून त्यांच्या हातात दिली.

नवरात्राच्या आदल्या दिवशी शेजारची ती मुलगी हिरवी चोळी घेऊन आली. तरुबेननी ती आधी उलटी केली. गाठी तशाच, बारीक, एका ओळीत. डोळे जात असलेल्या बाईनं एक दोरासुद्धा लोंबत ठेवला नव्हता. मग त्यांनी चोळी सुलटी केली आणि नाडीखालच्या फुलावरून बोट फिरवलं. बोट कुठंच अडकलं नाही. आठच्या आठ आरसे बसवले होते.

हेत्वी संध्याकाळी घालून बघायला आली. आरशाकडे पाठ करून तिनं मोबाइल डोक्यावर धरला. "मस्त! फोटोत एक आरसा कमी होता ना, आंटी? मला वाटलंच मोबाइलनं चूक केली. तुम्ही बरोबर भरलात!"

तरुबेनच्या हातात कात्री होती. एक आरसा उसवायला असा कितीसा वेळ लागतो. पण उसवून ती जागा जीवीनं मोकळी सोडलेली जागा झाली नसती.

त्यांनी कात्री खाली ठेवली, मुलीच्या पाठीवर नाडीची गाठ बांधली आणि म्हणाल्या, "गर्दीत सांभाळून नाच, बेटा."